वीस लाख बारक्या फाइली आणि एका रात्रीचा बॅकअप

जिनिंगच्या वजनकाट्याचा हिशोब धरू. सीझनमध्ये दिवसाला ३०० गाड्या काट्यावर येतात. प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दर वजनाला चार कॅमेऱ्यांचे चार फोटो, शिवाय गाडीमागे पावतीची एक पीडीएफ. झाल्या दिवसाच्या २,७०० फाइली. १५० दिवसांच्या सीझनला ४ लाख ५ हजार, आणि पाच सीझन एकाच संगणकात साठले की २० लाख २५ हजार. फाइलमागे सरासरी ६० केबी धरली तर सगळा डेटा मिळून १२१.५ जीबी.

एवढाच डेटा एका सलग फाइलीत असता तर गिगाबिट लॅनवरून सेकंदाला ११० एमबीनं साडेअठरा मिनिटांत नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, जाऊन पडला असता. प्रत्यक्षात रात्री नऊला लावलेली कॉपी सकाळी काट्यावर पहिला ट्रॅक्टर लागला तरी चालूच असते, आणि वेगाचा आलेख अडीच-तीन एमबीवर लोळत असतो.

हे दुखणं फक्त जिनिंगचं नाही. ठिबकच्या अनुदानाची प्रकरणं करणाऱ्या डीलरकडे शेतकऱ्यामागे सातबारा, आठ-अ, पासबुक, शेतातला फोटो असं सगळं सुटं स्कॅन केलेलं असतं. पतसंस्थेची व्हाउचरं तशीच. सीटी स्कॅन सेंटरमध्ये एका स्लाइसचं ५१२ बाय ५१२ चं सोळा-बिटी चित्र म्हणजे ५१२ केबी, आणि अशा स्लाइस एका पेशंटमागे शेकड्यानं. सगळीकडे तक्रार एकच, ‘नेट स्लो आहे’. मग कोणीतरी दहा गिगाबिटचा स्विच सुचवतो, पैसे जातात, आणि कॉपी तेवढाच वेळ घेते.

जिनिंगवाल्याला खरं तर हे कळायला अवघड जाऊ नये. सुटा कापूस ट्रकमध्ये भरायचा तर खेपा किती, आणि तोच प्रेस करून १७० किलोच्या गाठी बांधल्या तर किती? वजन तेवढंच. हमालीचा वेळ खेपांना लागतो.

वेळ नेमका कुठे जातो

पहिला खाऊ हार्ड डिस्कचं डोकं. ७,२०० आरपीएमची चकती एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत मारते, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद. त्याआधी डोकं त्या पट्टीवर सरकायला साडेआठ-नऊ. मिळून पावणेतेरा धरा. फाइलमागे अशी एकच उडी पडली तरी २० लाख २५ हजार फाइलींना सात तासांवर वेळ होतो, आणि यात नेटवर्कचा अजून संबंधही आलेला नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र २ एमबी दिसतो तो यामुळे. डिस्क रिकामी बसलेली नसते, ती नुसती धावत असते.

दुसरा खाऊ नेटवर्कवरची जा-ये. विंडोजच्या शेअरवर एक फाइल टाकायची म्हणजे आधी तिथे त्या नावाची आहे का ते विचारा, उघडा, लिहा, तारीख-वेळ बसवा, बंद करा. दर वेळी उत्तराची वाट बघायची. अशा आठ फेऱ्या धरल्या आणि लॅनवर एका फेरीला ०.३ मिलिसेकंद, तर फाइलमागे २.४ मिलिसेकंद, सगळ्यांना मिळून ८१ मिनिटं. हे चालून जाईल. पण तोच शेअर धरणगावच्या जिनिंगमधून जळगावच्या ऑफिसला व्हीपीएनवर (इंटरनेटवरून खासगी जोडणी) जोडला आणि फेरीला २० मिलिसेकंद लागले, तर फाइलमागे १६० मिलिसेकंद. सगळ्याला ९० तास. म्हणजे पावणेचार दिवस, तेही लाइट न जाता.

तिसरा खाऊ अँटिव्हायरस. तो नाक्यावरच्या शिपायासारखा प्रत्येक पोतं सोडून बघतो. फाइल मोठी असली की एकदाच बघतो; बारक्या वीस लाख असल्या की वीस लाख वेळा. स्रोताच्या संगणकावर एक आणि नॅसवर दुसरा असेल तर दोनदा. काट्याच्या फोटोंचा फोल्डर आणि बॅकअपचा प्रोग्रॅम रात्रीपुरता वगळायला हरकत नाही, मात्र पूर्ण अँटिव्हायरस बंद करून ठेवू नका.

चौथा, ज्याकडे कोणी बघत नाही, तो लिहिणारा. नॅसमध्ये रेड-५ असेल, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा अशी अनेक डिस्कची मांडणी, तर एका छोट्या लेखनामागे डिस्कवर चार कामं होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, दोन्ही नव्यानं लिहा. रेड-६ ला सहा. त्यात डिस्क एसएमआर जातीची निघाली, म्हणजे कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या पट्ट्यांची, तर पहिले काही जीबी सुरळीत जातात आणि मग वेग एकदम बसतो. डिस्क घेताना मॉडेल क्रमांकावरून ती सीएमआर (सुट्या पट्ट्यांची) आहे की एसएमआर ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्यायचं. दुकानदाराला बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

आधी मोजा

चौघांपैकी दोषी कोण ते अंदाजानं ठरवू नका. अर्ध्या तासात कळतं. हजार-दोन हजार नव्हे, किमान ५० हजार फाइलींचा एक फोल्डर घ्या, आणि संगणक नुकताच चालू केलेला असू द्या, नाहीतर सगळं रॅममधूनच वाचलं जाईल आणि आकडे खोटे येतील.

नुसती यादी काढायला किती वेळ लागतो ते पहिल्यांदा बघा. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपीच्या आज्ञेला ‘/एल’ दिलं की ती कॉपी करत नाही, फक्त फाइली मोजून दाखवते. लिनक्सवर ‘फाइंड’ आणि पुढे ‘डब्ल्यूसी’. मग नुसतं वाचन. फोल्डर टारमध्ये (अनेक फाइलींची एक फाइल बांधणारी आज्ञा) बांधून कुठेच न लिहिता फेकून द्यायचा. इथे एक खोच आहे: ग्नू टारला आउटपुट थेट ‘/डेव्ह/नल’, म्हणजे लिनक्सची कचरापेटी, दिलं तर तो हुशारी करतो, फाइली उघडून वाचतच नाही. पाच सेकंदांत काम झालं म्हणून खूश होऊ नका. टारचं आउटपुट ‘कॅट’मधून पाईप करून मग नलमध्ये टाका, म्हणजे खरं वाचन होतं. नेटवर्कचा वेग मोजायला ‘आयपर्फ-थ्री’, गिगाबिटवर ९४० एमबीपीएसच्या आसपास यायला हवं. ९४ आले तर तारेच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली आहे आणि लाइन शंभरावर उतरली आहे. शेवटी तीच टार फाइल नॅसवर ठेवून तिथल्या तिथे सोडून बघा, म्हणजे लिहिण्याचा वेग कळतो.

चार आकडे कागदावर मांडले की उत्तर समोर असतं. जुन्या हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा वाचनच दोषी निघतं. म्हणून मला विचाराल तर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च काट्याच्या संगणकात साधी साटा एसएसडी टाकण्याचा. तिथे एका उडीला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतं. ते सात तास तीन-चार मिनिटांवर येतात. स्विचचं नंतर बघू.

रोबोकॉपी नीट चालवायची तर

एक्स्प्लोररमधून ओढून टाकणं विसराच. रोबोकॉपी विंडोजमध्येच असते आणि विंडोज ७ पासून तिला एकाच वेळी अनेक फाइली नेता येतात. ‘/एमटी’ नुसतं लिहिलं तर आठ धागे, आकडा दिला तर १२८ पर्यंत. स्रोत हार्ड डिस्क असेल तर ८ ते १६ च्या पुढे जाऊ नका, पुढे डोक्याची धावपळच वाढते. दोन्हीकडे एसएसडी असेल तर ३२, ६४ बघायला हरकत नाही. खरा फायदा दिसतो तो लांबच्या लाइनवर. वर काढलेले ९० तास १६ धाग्यांनी साडेपाच तासांवर येतात. अर्थात तोपर्यंत लाइनचीच मर्यादा आडवी येते: २० एमबीपीएसच्या अपलोडवर १२१.५ जीबीला साडेतेरा तास लागणारच. मात्र ९० वरून साडेतेरावर येणं म्हणजे एका शनिवार-रविवारचं काम.

‘/आर:१ /डब्ल्यू:१’ हे प्रत्येक वेळी लिहायचंच. न लिहिल्यास रोबोकॉपी अडलेल्या फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नामध्ये तीस सेकंद थांबते. गुणाकार केला तर एका फाइलीपायी ३४७ दिवस. ‘बॅकअप अडकला’ म्हणून जे येतात त्यांच्यात हे निम्म्यांचं कारण असतं.

‘/एफएफटी’ नॅससाठी. काही नॅस वेळ थोडी गोल करून ठेवतात. दोन सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घे असं हा पर्याय सांगतो. तो नसला की रोज रात्री सगळ्याच फाइली ‘बदललेल्या’ ठरून पुन्हा जातात. ‘/झेड’ मात्र टाळा. तुटलेली कॉपी मधूनच सुरू करण्याची सोय मोठ्या फाइलीला हवी असते, ६० केबीच्या फोटोला तिचा नुसता भार होतो. ‘/एनएफएल /एनडीएल /एनपी’ लावून नावं पडद्यावर छापणं बंद करा आणि नोंद लॉग फाइलीत जाऊ द्या.

‘/एमआयआर’ जपून. मिरर म्हणजे स्रोतात नाही ते नॅसवरूनही पुसणं. ड्राइव्हचं अक्षर बदललं, स्रोताच्या जागी रिकामा फोल्डर मिळाला, की पाच सीझन एका रात्रीत साफ. नॅसवर स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) चालू नसतील तर मिररला हात लावू नये.

विंडोज ११ ची २४-एच-२ आवृत्ती टाकल्यावर अचानक कॉपी मंदावली अशी तक्रार असेल तर एसएमबी (विंडोज शेअरची भाषा) सायनिंग बघा. प्रो आणि एंटरप्राइज आवृत्त्यांत ते आता आपोआप सक्तीचं आहे. दर पाकिटावर सही करायची आणि तपासायची, आणि स्वस्तातल्या नॅसचा प्रोसेसर त्यात दमतो. बंद करण्याआधी नॅसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून बघा. सुरक्षेसाठीच ते आलंय.

एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमची, एक जुनी खोड इथेच सांगून टाकतो. डॉसच्या काळातलं आठ-अधिक-तीन अक्षरांचं छोटं नावही ते प्रत्येक फाइलीला देत बसतं. काट्याच्या फोटोंची नावं सगळी एकाच अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे छोटं नाव एकमेवाद्वितीय करायला खटपट वाढते, आणि एका फोल्डरात लाखभर फोटो झाले की नवा फोटो लिहिणंही रेंगाळतं. ‘एफएसयूटिल’ आज्ञेनं डेटाच्या ड्राइव्हपुरतं हे बंद करता येतं, लागू मात्र नव्या फाइलींनाच होतं.

आरसिंक: कुठून चालवता याला महत्त्व

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक हा कॉपीचा प्रोग्रॅम आणला तो मंद लाइनवर फाइलीतला बदललेला तेवढाच तुकडा पाठवायला. आपल्या फोटोत तुकडा बदलतच नाही, फोटो येतो तो अख्खा नवा. त्यामुळे त्या प्रसिद्ध हुशारीचा इथे फारसा उपयोग नाही. लॅनवर ‘होल-फाइल’ पर्याय लावून ती बंदच ठेवा. दाबून पाठवण्याचा ‘झेड’ पर्यायही नको, जेपेग आधीच दाबलेलं असतं.

सर्रास होणारी चूक अशी: नॅसचा शेअर लिनक्सवर माउंट करायचा, म्हणजे फोल्डरसारखा जोडायचा, आणि आरसिंकला दोन लोकल फोल्डर असल्यासारखे द्यायचे. मग नॅसवरच्या प्रत्येक फाइलीची तारीख-आकार विचारायला एक-एक फेरी नेटवर्कवरून जाते. त्याऐवजी नॅसवरच आरसिंकची सेवा चालू करा, म्हणजे पलीकडची यादी पलीकडचं आरसिंक आपल्या डिस्कवरून बनवतं आणि गठ्ठ्यानं पाठवतं. घरच्या लॅनवर एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीऐवजी सरळ डीमन (तीच आरसिंकची सेवा), ८७३ पोर्टवर. नॅसच्या प्रोसेसरला एन्क्रिप्शनचा ताप नको. हे पोर्ट इंटरनेटवर उघडं मात्र ठेवू नका.

तरीसुद्धा रोज रात्री दोन्हीकडच्या वीस लाख फाइलींची तारीख बघावी लागतेच. ती माहिती रॅममध्ये असली तर मिनिटांत होतं, डिस्कवरून आणावी लागली तर तास. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिमवर एका फाइलीची ही माहिती रॅममध्ये साधारण सव्वा केबी खाते. वीस लाखांना अडीच जीबी. नॅसमध्ये रॅमच दोन जीबी असेल तर काय होणार ते उघड आहे. चार जीबीची पट्टी वाढवणं हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय.

‘लिंक-डेस्ट’ लावून रोजचा वेगळा फोल्डर ठेवण्याची पद्धत हजारांत चांगली, लाखांत नाही. रोज वीस लाख हार्डलिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) बनतात, आणि महिन्याभरानं जुना फोल्डर पुसायला बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गाठी बांधा

आता मुख्य मुद्दा. काट्याचा फोटो एकदा निघाला की बदलत नाही. स्कॅन केलेला सातबारा बदलत नाही. मग २०२१ चा फोटो बदलला का हे आजही रात्री विचारायला जायचं कशाला? जे गोठलं ते बांधून बाजूला ठेवायचं.

फोल्डरची रचना वर्ष, त्यात महिना, त्यात दिवस. काट्याचं सॉफ्टवेअर सगळं एकाच फोल्डरात ओतत असेल तर सेटिंगमध्ये तारखेप्रमाणे फोल्डरचा पर्याय शोधा, बहुतेकांत असतो. मग दिवसाचा फोल्डर एका टार फाइलीत. २,७०० फाइलींची १६२ एमबीची एक गाठ. सीझनला १५०, पाच सीझनला ७५०. वीस लाख खेपांच्या साडेसातशे झाल्या. लॅनवर एक गाठ दीड सेकंदात जाते, २० एमबीपीएसच्या लाइनवर ६५ सेकंदांत.

कालचा फोल्डर आज बांधू नका. गाडी रात्री ११:५० ला भरलेली तोलली आणि १२:२० ला रिकामी, की तिचे फोटो दोन तारखांत पडतात. शिवाय चुकीच्या पावत्या दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतात. दोन दिवस उघडे ठेवा, त्यांची साधी कॉपी रोबोकॉपीनं, आणि परवाचा दिवस बांधा.

बांधताना आधी त्या दिवसाच्या सगळ्या फाइलींची नावं आणि प्रत्येकीचा शा-२५६ (मजकुरावरून निघणारा ठसा) एका यादीत काढा आणि ती यादीही गाठीतच घाला. टार त्याच डिस्कवर लिहू नका, वाचन आणि लेखन एकाच डोक्यासाठी भांडतात. थेट नॅसवर सोडा. नावाच्या शेवटी ‘अर्धवट’ असा शब्द ठेवा, आणि फाइल पूर्ण जाऊन आतली संख्या यादीशी जुळली की मगच नाव बदला. रात्री तीनला लाइट गेली तर सकाळी ‘अर्धवट’ नावाची फाइल दिसते, ती पुसून पुन्हा बांधायची. ही एक सवय नसली की अर्धी गाठ पूर्ण समजून राहते, आणि ते कळतं नेमकं वादाच्या दिवशी.

लिनक्सच्या हार्ड डिस्कवर बांधताना एक खास युक्ती. ईएक्सटी-४ फोल्डरातली नावं हॅशच्या क्रमानं देतं, डिस्कवरच्या क्रमानं नाही, त्यामुळे टार जसं येईल तसं वाचू लागला की डोकं इकडून तिकडे उड्या मारतं. ‘फाइंड’कडून आयनोड (फाइलीच्या नोंदीचा) क्रमांकासह यादी घ्या, क्रमांकानं लावा, क्रमांक कापून टाका आणि ती यादी टारला ‘फाइल्स-फ्रॉम’नं द्या. उड्या बऱ्याच कमी होतात. खर्च शून्य.

विंडोजवाल्यांनी वेगळं काही घ्यायला नको, २०१८ पासून विंडोज १० मध्ये टार आज्ञा आहे. झिप हवी असेल तर ‘स्टोअर’ म्हणजे न दाबता. झिपचा फायदा असा की आतली अनुक्रमणिका शेवटी एका जागी असते, एक पावती पटकन काढता येते. टारला सुरुवातीपासून चाळावं लागतं. म्हणूनच सबंध सीझनची एक २४ जीबीची टार करू नका असं म्हणतो. एका पावतीसाठी ती सगळी चाळायची म्हणजे कटकट. १६२ एमबी दोन सेकंदांत चाळून होते. जीझिपमध्येही गुंडाळू नका. साध्या टारमध्ये एखादा बाइट बिघडला तर एक फोटो जातो, जीझिपमध्ये बिघाडापासून पुढचं सगळं.

काट्याच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस मात्र यात ढकलायचा नाही. तो चालू असताना केलेली फाइलची कॉपी उघडेलच याचा भरवसा नसतो. त्याचा त्याच्याच सोयीनं बॅकअप काढा आणि ती फाइल गाठींसोबत पाठवा.

मराठी नावांची भानगड

हे आपल्याकडे फार होतं, म्हणून वेगळं. फाइलीचं नाव लिनक्सवर जास्तीत जास्त २५५ बाइट. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘क्षेत्र’ हा दिसायला दोन अक्षरांचा शब्द आत सात चिन्हांचा आहे: क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र. एकवीस बाइट. म्हणजे नॅसवर देवनागरी नाव एकूण ८५ चिन्हांपर्यंतच. विंडोजचं एनटीएफएस २५५ चिन्हं घेतं, म्हणून ‘शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गट नंबर, गाव, तालुका, ठिबक अनुदान, सातबारा’ असं लांबलचक नाव संगणकावर खुशाल बनतं आणि नॅसवर जाताना ‘नाव फार लांब’ म्हणून मागे येतं. ईक्रिप्टएफएसनं एन्क्रिप्ट केलेल्या शेअरवर मर्यादा १४३ बाइटांची, म्हणजे ४७ चिन्हं. लॉगमध्ये अशी चुकलेली शंभर नावं वीस लाखांत हरवून जातात. लॉगच्या शेवटी येणारा ‘फेल्ड’चा रकाना रोज बघायचा तो याचसाठी. टारमध्ये बांधलं की नॅसपुरता हा प्रश्न सुटतो. आत नाव कितीही मोठं असो, नॅसला दिसतं ते गाठीचं छोटं नाव. झिप करत असाल तर देवनागरी नावांची एक झिप दुसऱ्या संगणकावर सोडून बघा, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावांची रांगोळी होते.

फाइलींकडे न बघता

फाइली बदलत्या असतील, तारखेप्रमाणे विभागता येत नसतील, तर फाइली मोजायच्याच नाहीत. पार्टिशनची इमेज घेणारी सॉफ्टवेअर डिस्क ब्लॉकमागून ब्लॉक सलग वाचतात, त्यांना आत वीस लाख फाइली आहेत की दोन याचं सोयरसुतक नसतं. ५०० जीबी भरलेली डिस्क ११० एमबीनं सव्वा तासात होते, पुढच्या रात्री फक्त बदललेले ब्लॉक. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचं ‘सेंड’ही त्याच जातीचं: दोन स्नॅपशॉटमध्ये काय बदललं ते फाइल सिस्टिमला आधीच ठाऊक असतं, झाडाच्या प्रत्येक पानापर्यंत जावं लागत नाही. नवा सर्व्हर बसवणारच असाल तर सुरुवातीपासून हाच रस्ता धरा.

रेस्टिक आणि बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्रॅम म्हणजे मधली वाट. ते बारक्या फाइली आपणच गठ्ठ्यांत बांधतात. रेस्टिकचा गठ्ठा आपोआप १६ एमबीच्या आसपास असतो. पण रोजची चाळणी सुटत नाही. त्यात स्रोत हा माउंट केलेला शेअर असेल तर आयनोड क्रमांक दर वेळी बदलू शकतात आणि प्रोग्रॅमला सगळंच नवं वाटून तो पुन्हा वाचू लागतो. रेस्टिकला ‘इग्नोअर-आयनोड’ आणि बोर्गला फाइल-कॅश फक्त वेळ आणि आकारावर, एवढं सांगितलं की रात्र वाचते.

क्लाउडवर सुट्या फाइली पाठवायच्याच असतील तर आरक्लोन या क्लाउडवर कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचे एकावेळचे ट्रान्सफर मुळात चारच असतात, ३२ करा. ॲमेझॉनच्या एस-थ्रीचा ‘क्वचित लागणारा’ स्वस्त वर्ग बघून हुरळू नका. तिथे प्रत्येक फाइल किमान १२८ केबी धरून बिल लागतं. ६० केबीच्या फोटोला दुपटीहून जास्त भाडं. गाठ पाठवली की तो प्रश्नच नाही.

जुना ढीग कधी उरकायचा

पाच सीझनचा मागचा साठा एकदा तरी पूर्ण वाचावाच लागणार, ते सात तास टळत नाहीत. सीझनमागे एक रात्र धरा, पाच रात्री. हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. काटा तेव्हा मोकळा असतो हे खरं, पण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, ऑफिसचा कूलर रात्री बंद, आणि डिस्क तासन्‌तास शंभर टक्क्यांवर धावणार. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते. बंद कपाटातली डिस्क तिथवर जायला वेळ लावत नाही. जिनिंगमध्ये तर पंख्याच्या जाळीवर रुईचा थरच असतो, तो आधी ब्रशनं काढा. पाऊस पडून हवा उतरली की जुलै-ऑगस्टच्या रात्री बऱ्या, दसऱ्याला नवा कापूस यायच्या आत सगळं बांधून होतं.

आणि मूळ फोटो लगेच पुसू नका. प्रत्येक सीझनमधून कुठल्याही तीन गाठी घ्या, नॅसवरून नव्हे तर दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीतून, वेगळ्याच संगणकावर सोडा, आतल्या यादीशी शा-२५६ ताडून बघा. मग काट्यावरच्या माणसाला एक गाडी नंबर आणि तारीख सांगा, आणि ती पावती काढून द्यायला सांगा. त्याला पाच मिनिटांत काढता आली नाही तर गाठींच्या नावांची पद्धत बदला: वर्ष, महिना, दिवस, याच क्रमानं, महिना आणि दिवस दोन-दोन आकड्यांत.